चिमटाच तर काढतो!

…आणि वर मलाच ऐकवतात, "जनूभाऊ, भाग्यवान हो तुमची आई! देवापुढं मरण आलं!" भाग्यवान! अहो, असू द्या, असू द्या, चपला असू द्या पायात. काढू नका. सुतक फिटलं, पाहुणे गेले, त्याचा काही संबंध नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात अनवाणी माणूस शिरला की माझ्या छातीत धस्स होतं. बसा. पंखा लावू? लावतो, घाबरू नका, आता काही नाही. आता सगळं दुरुस्त आहे. आता!

तर भाग्यवान. जो येतो तो हेच म्हणतो. हात जोडतो, डोळे मिटतो, "आंघोळ झालेली, ओल्या केसानं, हातात देवाचा तांब्या… नशीब लागतं हो!" अहो, नशीब नाही लागत, फेज लागते! फेज! नळाला करंट होता हो. हे मी सांगायला गेलो की लोक माझ्याकडं असं बघतात जणू मी आईची निंदाच करतोय. डॉक्टर म्हणाले, हार्ट बंद पडलं. मी म्हटलं, साहेब, शेवटी सगळ्यांचंच हार्ट बंद पडतं, ते कशानं बंद पडलं ते सांगा! तर म्हणाले, वय किती होतं? झालं. आमच्याकडं वय सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही.

तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली फ्रीजपासून. मी रोह्याला कंपनीत, पॅकिंगला. शिफ्ट संपवून गडबला, आमच्या गावी, घरी आलो, फ्रीज उघडायला गेलो आणि बोटाला टच्च! बायकोला म्हटलं, नूतन, फ्रीजला करंट आहे गो. तर ती म्हणते, "माहिती हाय, कालपासून हाय. चप्पल घाला ना!" म्हणजे बघा, फ्रीज खराब नाही, मी चूक! आणि खरंच फ्रीजसमोर एक रबरी चप्पल ठेवलेली. लोकांकडं बाथरूमची चप्पल असते, आमच्याकडं फ्रीजची होती. एकच जोड. ज्याला दूध पाहिजे त्यानं आधी पाय घालायचा, मग हात. मी बाबांना सांगितलं. आमचे बाबा, गोविंदा पाटील, जन्मभर भातशेती केलेला माणूस, साप निघाला तरी विडी विझवत नाहीत. म्हणाले, "मंग काय झालं? चिमटाच तर काढतो!"

चिमटाच तर काढतो! हे वाक्य आमच्या दारावर कोरून लावायला पाहिजे होतं.

पुढं मिक्सर चिमटा काढायला लागला. मग वॉशिंग मशीन. मग ओट्यावरचा नळ! पाण्याच्या नळाला करंट, सांगा कुणाला! मी शेजारी बोललो, म्हटलं कुणीतरी घाबरेल, कुणीतरी म्हणेल अरे बाबा माणूस बोलव. छे! शेजारचा काळुराम छाती काढून म्हणतो, "तुमचा चिमटा काढतो? आमची मोटार तर ढकलून देती!" म्हणजे ह्यातही आमचंच कमी पडलं! त्याची बायको म्हणते, "उलट्या हातानं लावायचा हो हात, सुलट्या हातानं लावला की धरून ठेवतो." सगळ्या गावाला शॉक कसा खायचा ते येतं, तो घालवायचा कसा ते कुणालाही येत नाही!

बरं, वीज काही भूत नाही हो. मला नंतर कळलं, पण कळलं ते सोपं होतं. आमच्या कंपनीत कामगार कसे, एका गेटनं आत येतात, दुसऱ्या गेटनं बाहेर जातात, तशी ती. फेजच्या तारेनं येते, काम करते, न्यूट्रलच्या तारेनं परत जाते. मधे कुठं तार उघडी पडली, लोखंडाला टेकली, की ती त्या लोखंडात उभी राहते. तिला घरी जायचं असतं, बस! आणि तिसरी तार, अर्थिंगची, ती म्हणजे मागचं दार. ते उघडं असलं की ती गुपचूप जमिनीत निघून जाते. आणि ते दार बंद असलं की… की मग ती भिंतीवरनं उडी मारते. आणि भिंत कोण? ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस.

आणि आमचं मागचं दार कुठं होतं माहितीय? नळाला! हसू नका, पेणपर्यंत जाऊन बघा, किती घरांत सापडेल. घर बांधलं तेव्हा बाबांनी स्वतः अर्थिंगची तार लोखंडी नळाच्या पायपाला करकचून गुंडाळली. म्हणाले, "पाइप जमिनीत जातो, आणखी काय पायजेल?" आणि खरंच काही नको होतं हो! वर्षानुवर्षं चाललं. मग गंजला पाइप. गळायला लागला. प्लंबर आला, बाहेरचा सगळा लोखंडी पाइप उपटला आणि प्लास्टिकचा टाकला. काय आनंद आमच्या घरात! गंज नाही, गळती नाही, आईनं प्लंबरला घावणं खायला घातलं. तार मात्र तशीच नळाच्या लोखंडी तुकड्याला गुंडाळलेली. म्हणजे मागचं दार तिथंच, पण त्याच्या पलीकडं आता विटांची भिंत! आणि फ्रीज, मिक्सर, मशीन, सगळ्यांची तिसरी तार जाऊन मिळते त्याच नळाला. एकाच्या अंगात आलं की सगळ्यांच्या अंगात.

हे कुणाच्या लक्षात आलं पाहिजे? इलेक्ट्रिशियनच्या. आमचा इलेक्ट्रिशियन विलास. वडखळचा. लग्नात तोरणं, गणपतीत माळा, त्याच्या हातचं डेकोरेशन बघायला लोक थांबतात. त्याला बोलावलं. टेस्टर काढला, फ्रीजला लावला, पेटला. मिक्सरला लावला, पेटला. नळाला लावला, पेटला. तर हा खूश! "दादा, सगळीकडं करंट हाय!" अरे, ते आम्हाला माहितीय! मग म्हणाला, एकेक वस्तू बंद करू, जिच्यानं टेस्टर विझेल ती चोर. अक्कल बरोबर होती हो त्याची, खोटं कशाला बोलू. फ्रीजचा प्लग काढला. टेस्टर पेटलेला. मिक्सर काढला. पेटलेला. मशीन, टीव्ही, पंखे, पाण्याची मोटार, आईचं गुडघे शेकायचं ते मशीन… सगळं काढलं! टेस्टर आपला पेटलेला! विलास ओरडून विचारतो, "सगळं काढलं ना?" आणि घरातनं सगळे एका आवाजात, "सगळं काढलं!" मग विलासनं कपाळ पुसलं आणि निदान केलं, "दादा, हा वरनंच येतोय. पोलवरनं." मी विचारलं, मग करायचं काय? तर म्हणतो, "टेन्शन नाय. चिमटाच तर काढतो!"

घ्या! डॉक्टरच म्हणाला, ताप असू दे.

पण थांबा, त्याच्याही पुढचं ऐका. नवीन मशीन घेतलं तेव्हा दुकानदारानं एक बटण बसवायला लावलं होतं मेनजवळ. शॉक लागला की आपोआप पडणारं बटण. ते सारखं पडायला लागलं. आणि कधी? नेमकं सकाळी. आई आंघोळ करून यायची, देवाचा तांब्या भरायला नळ धरायची आणि खट्! सगळं घर बंद. बाबांच्या टीव्हीवरची काकड आरती बंद, नूतनचा मिक्सर अर्ध्या चटणीत बंद, माझा चार्जर बंद. सगळे करवादायचे. आई बिचारी म्हणायची, "मी काय केलं गो? मी पानी घेते." रोज! रोज सकाळी ते बटण पडायचं आणि आम्ही रोज त्याला शिव्या देऊन परत वर करायचो. विलासला विचारलं. तो म्हणाला, "दादा, हे लय सेन्सिटिव्ह हाय. गावच्या लाइटला चालत नाय. बटण काढून डायरेक्ट करून टाकतो." आणि टाकलं. घरात शांतता! नूतनची चटणी पूर्ण झाली, बाबांची आरती पूर्ण झाली.

कळलं ना तुम्हाला? ते बटण रोज सकाळी काय करत होतं, कळलं ना? … हां. आम्हाला नाही कळलं.

आईला सगळे सांगायचे, चप्पल घाल. पण आमचा देव्हारा स्वयंपाकघरात. ओट्याच्या बाजूला स्टीलची भांड्यांची मांडणी, तिच्यावर देव्हारा, आणि मांडणीला लागून नळ. आई म्हणायची, "देवाम्होरं चप्पल? मी मेल्यावर घाला पायात." नूतननं एकदा सासूबाईंसाठी कापडी सपाता आणल्या, एकदम सोवळ्यातल्या म्हणून, तर आईनं त्या पोतेऱ्याला घेतल्या. आणि त्या दिवशी सकाळी… तांब्या पडल्याचा आवाज आला. आपण काय करतो तांब्या पडला की? ओरडतो, "काय पडलं गो?" तसंच ओरडलो. तांब्या गडगडत दारापर्यंत आला. नूतननं आधी मेन बंद केला, मग सासूला हात लावला. बाईनं डोकं शाबूत ठेवलं म्हणून मी आज एकाच मरणाचं सांगतोय.

आणि मग सुरू झालं भाग्यवान! कोलाडची आत्या आली, बाबांची बहीण. तिनं तर दारातच, "वयनी सोन्याच्या पावलानं गेली रंऽ!" मी म्हटलं, आत्या, सोन्याच्या नाही, ओल्या पावलानं गेली. तर मलाच गप्प केलं.

आता गंमत बघा. गंमतच म्हणायची. आई गेली, पण करंट कुठं गेला होता? तो घरातच! मी चुलतभावाला नळाजवळ उभा केला पहारा द्यायला. मेन बंद ठेवला असता, पण घरभर पाहुणे, उकाडा, लोक म्हणायचे जनू, निदान पंखा तरी! आणि बाबा! बाबांनी नवीनच धरलं. आई गेल्यापासनं रोज सकाळी उठायचे आणि थेट त्या नळाशी. अनवाणी! तोंड धुवायला मागं मोरी आहे, पिण्याला माठ आहे, पण नाही. ओट्याशी जाऊन नळावर हात. सुलटा हात! नूतन किंचाळायची, मी धावायचो, ओढून मागं घ्यायचो. माझी आई गेली त्याच जागी माझा बाप रोज जाऊन उभा राहायचा, आणि मी त्याला बोललो की मान खाली घालून म्हणायचा, "एवढं काय रं. चिमटाच तर काढतो." माझी झोप उडाली. मला एकच दिसत होतं, आता ह्यांचा नंबर.

शेवटी शोधलं कुणी? नूतननं. विलास परत आलेला, परत तेच, सगळे प्लग काढले, टेस्टर पेटलेला, "वरनंच येतोय दादा." नूतन कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "सगळं काढलं?" सगळे म्हणाले सगळं. तिनं देव्हाऱ्याकडं बोट केलं. "मंग ह्यो दिवा काय भक्तीवर जळतोय?"

अहो, देव्हाऱ्यात विजेचा दिवा होता! आईचा! ज्योतीसारखा लुकलुकणारा लाल बल्ब, रात्रंदिवस चालू. आम्ही "सगळं बंद केलं" म्हणायचो तेव्हा तो आमच्या डोळ्यांसमोर जळत असायचा हो! पण तो कुणी मोजलाच नाही. कारण तो लाइट नव्हताच ना, तो दिवा होता! विलासनंही नाही मोजला. उलट टेस्टर लावण्याआधी त्याच दिव्याला नमस्कार करायचा! नूतननं प्लग ओढला. नळावरचा टेस्टर विझला. फ्रीजवरचा विझला. सगळं घर थंड. मांडणी पुढं ओढली, तर मागं तार उंदरानं कुरतडलेली. तुपाचा हात लागलेली तार, उंदराला काय, प्रसादच! उघडी तांब्याची तार मांडणीच्या स्टीलला टेकलेली, मांडणी नळाला टेकलेली, आणि नळ… सांगितलं ना मघाशी.

मी तिथंच खाली बसलो. रडलो पण. त्यात लपवायचं काय?

आणि तेवढ्यात आत्या आली आणि प्लग परत लावला!

"वयनीचा दिवा इझवतंस? मानूस जाऊन धा दिस झालं नाय!" मी म्हटलं, आत्या, सुतकात देवाचा दिवा लावत नाहीत, तूच म्हणालीस. तर म्हणते, "त्यो देवाचा कुठं, त्यो तर बलब हाय!" बघा आता! प्लग काढायच्या वेळी तो दिवा, आणि सुतकात तो बल्ब! मी काढायचो, ती लावायची. शेवटी मी वायरच कापून खिशात टाकली. तर घरात कुजबुज, "आईचा दिवा कापला. पोटच्या पोरानं."

दहाव्याला गेलो नदीवर. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर ओळीनं बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ! भटजींना नागोठण्याला दुसरा दहावा, ते सारखे मोबाइल बघतात. मग लोकांचं सुरू, आईला हात जोडून, एकेक कबुली. "किष्णाबाय, गोविंदाला आमी बघू, काळजी करू नको!" कावळा हलेना. "हायवेची जमीन इकनार नाय!" कावळ्यानं पाठ फिरवली. "दूध… दूध ठेवा, चहा आवडायचा तिला!" काही नाही. आणि आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "येल कशाला? दिवा कापलाय तिचा!" सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बाबा पण बघताहेत. काय करणार? मी पुढं झालो, म्हटलं, "आई, तुझा दिवा लावतो. कायमचा लावतो." आणि तुम्हाला सांगतो, तो कावळा असा आला, असा आला, जणू ह्याच शब्दाला अडून बसला होता!

म्हणजे दिवा लावणं आलं. आणि तो दिवा परत त्याच वायरिंगवर लावायची माझी छाती नव्हती. म्हणून मग सगळं केलं. पेणहून दुसरा, परवाना असलेला माणूस आणला, विलासला त्याच्या हाताखाली उभा केला. घरामागं खड्डा खणला, त्यात लोखंडी प्लेट, मीठ, कोळसा, अर्थिंगची तार थेट जमिनीत. नळाची तार सोडली. नवीन वायर पाइपातनं नेली, उंदराच्या बापाला सापडणार नाही अशी. ते पडणारं बटण परत बसवलं. दिवा लावला. लुकलुकायला लागला. नळाला टेस्टर, विझलेला. फ्रीजला, विझलेला. आई असताना जे आम्हाला सुचलं नाही, ते एका कावळ्यानं करून घेतलं! त्या रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपलो.

सकाळी उठून बघतो तर बाबा नळाशी. अनवाणी. मी ओरडलो नाही, म्हटलं धरू दे आता, कितीही धरू दे. त्यांनी हात ओला केला. नळ धरला. उभे राहिले. हात बदलला. परत उभे राहिले. मग वळून मला म्हणाले, "जनू, दिवा कापल्यापासनं ही गप. आज दिवा लागला, तरी काय बोलत नाय रं."

मी म्हटलं, कोण बाबा?

तर म्हणतात, "तुझी आई. भजनाला बसलो का मना डुलकी लागायची. ती बायकांतनं उठून यायची नि दंडाला बारीक चिमटा काढायची. कुनाला दिसायचा नाय. लगीन झाल्यापासनं. … ती गेली, पन ह्यो नळ रोज काढायचा रं."

मी नळाकडं बघत राहिलो. बाबा तिथनं निघाले ते फ्रीजकडं. त्याला हात लावला. मग मिक्सर. मग मशीन. एकेक वस्तू, विलास शोधायचा ना, तसंच, हात लावायचे, थांबायचे, पुढं जायचे. सगळं घर फिरले. कुठंच नाही. मग ओटीवर जाऊन बसले, ते बसलेलेच. जेवायला उठवलं तर जेवतात, नाही उठवलं तर नाही.

काल विलास आला होता, राहिलेली वायर घ्यायला. बाबांनी त्याला जवळ बोलावलं, हळूच. मी दारामागं. म्हणाले, "इलास, थोडासा ठेवता येल काय रं? निस्ता त्या नळाला. लय नको. बारीक."

विलासनं माझ्याकडं बघितलं. हाच विलास, ज्यानं आमचं बटण काढलं. म्हणतो, "दादा, ह्यांना सांगा ना, मानूस मरतो हो त्यानं!" मला कळलंय की आता, सगळं कळलंय. फेज कळली, न्यूट्रल कळला, अर्थिंग कळलं. मी जाऊन बाबांना खडसावायला पाहिजे होतं. गेलो पण. त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं… आणि मी विलासला बाजूला घेतलं आणि विचारलं, "बारीक म्हणजे… किती बारीक ठेवता येईल रे?"